ओहोळ लहान, म्हणून मोरी लहान नको



अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या एका गावातून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. पत्रातला मजकूर थोडक्यात असा: घर आणि भाताची खाचरे यांच्या मधून एक ओहोळ जातो. उन्हाळ्यात तो कोरडा असतो, पावसाळ्यात पूर्वी गुडघाभर पाणी यायचे. वरच्या माळावर कारखान्यांच्या शेड आणि सिमेंटचे रस्ते झाल्यापासून पाणी एकदम येते, तेवढ्याच झपाट्याने ओसरते, पण मधल्या तासाभरात कोणाला पलीकडे जाता येत नाही. शाळेची मुले आणि दुधाच्या किटल्या याच वाटेने जातात. आता तिथे दोन सिमेंटचे पाइप टाकून वर भराव करायचा, अशी बोलणी चालली आहेत. दीर म्हणतात, पुष्कळ झाले. सासरे म्हणतात, पहिल्याच पावसात भराव वाहून जाईल. "दोघांपैकी कोणाचे खरे, हे आम्ही घरच्या घरी कसे ठरवावे?" असा ताईंचा प्रश्न आहे.

प्रश्न एका घराचा दिसला तरी गावोगावचा आहे. मोठ्या नदीला आपण भितो, तिची पातळी सरकार मोजते, तिच्या बातम्या येतात. आपल्या बांधाजवळून जाणाऱ्या ओहोळाची मात्र कोणी नोंद ठेवत नाही. म्हणून आज त्याचाच हिशेब मांडू. यात चौथी-पाचवीच्या गणितापलीकडे काही लागत नाही.

आधी मुलुख पाहा

अंबरनाथच्या पश्चिमेला मलंगगडाची डोंगररांग आहे. तिच्या उतारावरचे लहान लहान ओहोळ खाली येतात. वालधुनी याच बाजूने, काकोळ्याकडून येते, अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराला लागून वाहते आणि उल्हासनगरमधून पुढे कल्याणला उल्हास नदीला मिळते. शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० च्या सुमाराचा शिलालेख असलेले हे शिलाहारकालीन देऊळ वालधुनीच्या काठावर उभे राहिले, तेव्हा वरचा मुलुख रान आणि खाचरे यांचाच होता.

भाताचे खाचर म्हणजे नुसते शेत नव्हे, ते पाणी थोपवणारे लहानसे तळे आहे. एक एकर खाचरात चार इंच म्हणजे सुमारे १० सेंटीमीटर पाणी उभे राहिले, तर ते चार लाख लिटर होते. अशी पन्नास खाचरे बुजली आणि त्यांवर पत्र्याच्या शेड व सिमेंट आले की दोन गोष्टी घडतात. थांबणारे पाणी थांबत नाही, आणि मुरणारे पाणी मुरत नाही. सगळे पाणी गटारातून सरळ ओहोळात येते. ताई, पाऊस वाढला नसला तरी तुमच्या ओहोळाचा पूर वाढण्याचे हे कारण आहे. त्यात कारखान्यांना दोष देऊन मोकळे होता येत नाही. त्यातून घराघरात पगार आला आहे. पण वरची जमीन बदलली तर खालची मोरीही बदलली पाहिजे, एवढे मात्र मान्य करावेच लागेल.

पुराच्या खुणा वाचा

हिशेबाआधी ओहोळाच्या काठाने वरपासून खालपर्यंत एकदा चालत जा. हे काम उन्हाळ्यात करा. करंजाच्या, बाभळीच्या फांद्यांत अडकलेले गवत, प्लॅस्टिकच्या चिंध्या, कुंपणाच्या तारेला चिकटलेला पालापाचोळा, भिंतीवरची मातीची रेघ, या सगळ्या मागच्या पुराच्या सह्या आहेत. सर्वांत उंच खूण कोठे आहे ती पाहून तिथे रंगाचा पट्टा मारा.

मग घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, "२६ जुलै २००५ ला पाणी कोठवर आले होते?" त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या सगळ्या पट्ट्यात पाणी शिरले. नुसते "खूप होते" असे उत्तर घेऊ नका. ओट्याची कितवी पायरी, गोठ्याची कुठली मेढ, असे विचारा. माणसाला आकडा आठवत नाही, पायरी आठवते.

एक सावधगिरी मात्र बाळगा. जुनी खूण ही जुन्या मुलुखाची आहे. त्यानंतर वर सिमेंट झाले असेल, तर तेवढ्याच पावसाला आज पाणी त्या खुणेच्या वर जाईल. जुनी खूण ही कमीत कमी पातळी समजा.

पाण्याचा हिशेब

आता कागद-पेन्सिल घ्या. तीन गोष्टी लागतात: किती जमिनीचे पाणी ओहोळाला येते, तासाला किती पाऊस पडतो, आणि त्यातले किती वाहून येते.

पहिली गोष्ट, पाणलोट. गावनकाशा तलाठी कार्यालयात पाहायला मिळतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर समान उंचीच्या रेषा असतात. पाणी ज्या कण्यावरून आपल्या बाजूला उतरते तो कणा नकाशावर पेन्सिलीने जोडत जा, म्हणजे पाणलोटाची हद्द मिळेल. औद्योगिक वसाहतीत एक गोष्ट प्रत्यक्ष फिरूनच कळते. रस्त्याकडेची गटारे कधी कधी शेजारच्या पाणलोटाचे पाणीही आपल्या ओहोळात आणून सोडतात. ती जमीन हिशेबात धरा.

दुसरी गोष्ट, पाऊस. दिवसाचा पाऊस इथे उपयोगाचा नाही. लहान ओहोळाला तासाचा, अर्ध्या तासाचा पाऊस पूर आणतो. दीड किलोमीटर लांबीच्या आणि शंभर मीटरला तीन मीटर उतार असलेल्या ओहोळात सर्वांत वरचे पाणी खाली पोहोचायला, नेहमीच्या सूत्राने, सुमारे वीस मिनिटे लागतात. म्हणजे डोंगरावर सर कोसळल्यापासून मोरीवर पाणी चढेपर्यंत आपल्या हातात वीसच मिनिटे. कोकणपट्टीत तासाला १०० मिलिमीटरच्या गतीने पडणारी सर हिशेबात धरलीच पाहिजे.

तिसरी गोष्ट, वाहून येणारा वाटा. भिजलेल्या डोंगरउतारावर आणि शेतावर निम्मे पाणी वाहते असे धरू. पत्रे आणि सिमेंट असेल तर दहापैकी आठ भाग.

लक्षात ठेवायला एक सोपी खूणगाठ देतो. एका हेक्टरवर तासाला ३६ मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळा वाहिला, तर सेकंदाला १०० लिटर पाणी येते. बाकी सगळा त्रैराशिकाचा खेळ आहे.

समजा, पाणलोट ६० हेक्टर, म्हणजे सुमारे दीडशे एकर आहे. पाऊस तासाला १०० मिलिमीटर. सगळे पाणी वाहिले तर सेकंदाला सुमारे १६,७०० लिटर. शेतजमीन असताना त्याचे निम्मे, म्हणजे सुमारे ८,३०० लिटर. वर सर्वत्र शेड व रस्ते झाल्यावर दहापैकी आठ भाग, म्हणजे सुमारे १३,३०० लिटर.

आता पाइपाकडे या. ९०० मिलिमीटर म्हणजे तीन फूट व्यासाच्या पाइपाचे तोंड ०.६४ चौरस मीटर असते. त्यातून पाणी सेकंदाला अडीच मीटर वेगाने धावले तर १,६०० लिटर जाते. दोन पाइपांतून ३,२००. ओहोळ आणणार १३,३०० आणि पाइप नेणार ३,२००! उरलेले दहा हजार लिटर दर सेकंदाला कोठे जाणार? भरावावरून जाणार, नाही तर मागे तुंबून कोणाच्या तरी ओट्यावर चढणार. जमीन जुनी राहिली असती तरीही दोन पाइप पुरले नसते. तेव्हा ताई, तुमचा पाणलोट या उदाहरणाच्या आसपास असेल, तर सासऱ्यांचे म्हणणे खरे आहे. तुमचा आकडा घालून हिशेब पुन्हा करा आणि कागद दिरांपुढे ठेवा. आवाज चढवण्यापेक्षा कागद पुढे केलेला बरा.

हिशेब दुसऱ्या वाटेनेही ताडून पाहावा. खडकवासल्याच्या जलसंशोधन केंद्राचे पहिले संचालक सर क्लॉड इंग्लिस यांनी सह्याद्रीकडच्या पाणलोटांसाठी पुराचे एक सूत्र बसवले, ते आपल्याकडचे अभियंते आजही वापरतात. ते आपल्या ६० हेक्टरांना लावले तर सेकंदाला सुमारे २२,००० लिटर येतात. ते सूत्र मोठ्या पाणलोटांवरून काढलेले आहे, म्हणून लहान ओहोळाला तंतोतंत बसेल असे नाही. पण दोन वाटांनी दोन आकडे आले तर मोठ्याच्या बाजूला झुकावे, हा शहाणपणा आहे. बी पेरताना आपण मूठभर जास्त पेरतोच की!

वाहते पाणी मोजा

येत्या पावसाळ्यात मध्यम पाणी असताना, काठावरच उभे राहून, आणखी एक मोजणी करा. उन्हाळ्यात सरळ भागात २० मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोकून ठेवा आणि पात्राची रुंदी व खोली मोजून ठेवा. पाणी आले की वरच्या खुंटीपाशी अर्धी भरलेली बाटली टाका आणि खालच्या खुंटीपर्यंत किती सेकंद लागतात ते घड्याळात पाहा. मग बाटली काढून घ्यायला पाण्यात उतरू नका, ती गेली तर जाऊ द्या.

समजा दहा सेकंद लागले. वेग झाला सेकंदाला दोन मीटर. वरचे पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जलद धावते, म्हणून त्याचे ८५ टक्के धरा: १.७ मीटर. पात्र ६ मीटर रुंद आणि पाणी सरासरी १.२ मीटर खोल असेल तर छेद झाला ७.२ चौरस मीटर. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे १२,२०० लिटर. असे दोन-तीन पावसाचे आकडे तारखेसह वहीत असले, तर अभियंत्यासमोर तुमच्या अर्जाला वजन येते.

मोरी कशी असावी

पाइपाची मोरी स्वस्त आणि लवकर होते. तिचा मोठा दोष म्हणजे ती तुंबते. एक फांदी आडवी बसली की तिच्यावर गवत, गवतावर प्लॅस्टिक, आणि अर्ध्या तासात तोंड बंद. म्हणून औद्योगिक व शहरी पट्ट्यात, जिथे कचरा हमखास येतो, तिथे मोकळ्या तोंडाची स्लॅबची मोरी बरी. ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच अशा एका गाळ्यातून वरच्याच वेगाने १५,००० लिटर जाते, दोन गाळ्यांतून ३०,०००. एक गाळा कचऱ्याने अडला तरी आपले १३,३०० लिटर दुसऱ्यातून जाते, आणि दोन्ही मोकळे असले तर इंग्लिस सूत्राचा आकडाही मावतो. शेवटचा आकार अभियंत्यानेच ठरवायचा, पण आपल्याला अंदाज असला म्हणजे विचारता येते.

खर्च परवडत नसेल आणि वाहतूक थोडी असेल, तर फरशी बांधावी. पूर तिच्यावरून जाणार हे गृहीत धरूनच ती बांधलेली असते. तिच्या दोन्ही बाजूंना पाण्याची खोली दाखवणारे, रंगवलेले खांब हवेत. पायी जाणाऱ्यांसाठी थोडे वर, जिथे काठ उंच आणि पात्र अरुंद आहे तिथे, स्वतंत्र साकव घालावा. मुलांची वाट आणि ट्रॅक्टरची वाट एकच असली पाहिजे असे नाही.

कोणतीही मोरी असो, चार गोष्टी पाहा. पात्राच्या वळणावर नको, सरळ भागात हवी. तळ ओहोळाच्या तळाशी जुळता हवा. खालच्या बाजूला पाणी पडते तिथे दगडी पिचिंग हवे, नाही तर पाणी पायाखालची माती खाते. आणि मोरीला न मावलेले पाणी कोठून जाईल, ती वाट आधीच ठरवलेली हवी, म्हणजे ते कोणाच्या गोठ्यातून जाणार नाही.

घर आणि गोठा

मोठ्या नद्यांना जलसंपदा विभाग निळी आणि लाल पूररेषा आखतो. निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लोक समजतात, पंचवीस वर्षांचा पूर येऊन गेला, आता पंचवीस वर्षे निश्चिंत. तसे नाही. दर वर्षी शंभरात चार वेळा असा त्याचा अर्थ. दहा वर्षांचा हिशेब केला तर तो एकदा तरी येण्याची शक्यता तीनात एक आहे. तीनात एक शक्यता असलेल्या जागी आपण बियाण्याची पोती ठेवू का?

लहान ओहोळाला बहुधा अशी रेषा आखलेली नसते. ती आपण आखायची. उन्हाळ्यात मारलेल्या रंगाच्या पट्ट्यापेक्षा निदान हातभर वर धान्याची कणगी, खते, औषधे, विजेच्या मोटारीचा स्टार्टर आणि कागदपत्रे असावीत. जनावरांची दावी रात्री चटकन सुटतील अशी बांधा. दाव्याला अडकून जनावर दगावले, असे ऐकण्याची वेळ कोणावर येऊ नये.

वरच्या बाजूला कारखाने असतील तर आणखी एक काळजी घ्या. वालधुनी आणि उल्हास नद्यांच्या प्रदूषणाची प्रकरणे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेलेली आहेत. पुराचे पाणी विहिरीत शिरले असेल तर तपासून घेतल्याशिवाय पिऊ नका. शेतात वासाचा, तेलकट थर राहिला तर जनावरे चरायला सोडू नका, भाजी बाजारात नेऊ नका, आणि तलाठी व कृषी सहायकांना बोलावून पंचनामा करून घ्या.

पाणी वरून वाहत असताना

सगळ्यात महत्त्वाचे शेवटी सांगतो. मोरीवरून पाणी वाहत असेल तर ओलांडू नका. पायी नको, मोटारसायकलवर नको, बैलगाडीने नको. वेगाचे पाणी पोटरीच्या खाली, सहा इंचच असले तरी धडधाकट माणसाचा पाय काढते. फूटभर पाण्यात लहान मोटारगाडी तरंगू लागते, कारण तिचे वजन पाणीच पेलते आणि चाकांची पकड सुटते. दोन फुटांत मोठ्या गाड्याही जातात. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. शिवाय गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की नाही, हे वरून दिसत नाही.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याने पुण्यात हाहाकार केला. शहर व परिसरात वीसहून अधिक माणसे गेली. एरवी ज्याच्याकडे कोणी वळून पाहत नव्हते, असा तो ओढा होता. २ ऑगस्ट २०१६ ला महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल रात्रीच्या पुरात कोसळला आणि दोन एस. टी. गाड्या माणसांसकट गेल्या. उलट गोष्टही आपल्याच पट्ट्यातली आहे. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली. सुमारे हजार प्रवासी होते. गाडीतून उतरू नका, असे रेल्वेने सांगितले. लोक थांबले, बचाव पथके पोहोचली आणि सगळे सुखरूप बाहेर आले. थांबणे हेही काम असते.

म्हणून घरात एक नियम करा. खांबावरच्या तांबड्या पट्ट्याला पाणी लागले की कोणी ओलांडायचे नाही, दूध नासले तरी चालेल. मुलांची अलीकडे-पलीकडे थांबायची घरे आधी ठरवून शाळेला कळवा. हवामान खात्याचा लाल किंवा नारिंगी इशारा असेल त्या दिवशी मुलांना सकाळीच घरी ठेवा. अडचणीत जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक लावा.

अर्ज कोणाकडे

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे नदी-नाले शासनाच्या मालकीचे असतात. ओहोळाचे पात्र बुजवण्याचा किंवा वळवण्याचा हक्क मनाला येईल तसा कोणाला नाही, कारखानदाराला नाही आणि आपल्यालाही नाही. दोन वाफे वाढवण्यासाठी आपणच काठ पुढे सरकवला असेल तर तो आधी मागे घ्यावा, मग दुसऱ्याकडे बोट दाखवावे.

पात्रात भराव दिसला तर तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या. वसाहतीच्या गटाराचे पाणी असेल तर औद्योगिक विकास महामंडळाच्या कार्यकारी अभियंत्यांना प्रत द्या. मोरीचा विषय ग्रामसभेत ठरावाने घ्या. अर्जाला पाणलोटाचा नकाशा, रंगाच्या पट्ट्याचे छायाचित्र, बाटलीची मोजणी आणि वरचा हिशेब जोडा. पोच घ्यायला विसरू नका.

हे सगळे मृगाआधी व्हायला हवे. मोरी यंदा झाली नाही तरी तोंडातला गाळ-कचरा काढणे, खांब रंगवणे आणि मुलांची थांबायची घरे ठरवणे, याला कोणाची मंजुरी लागत नाही. एका रविवारी चार घरे मिळून ते होते.

ताई, सासऱ्यांना आणि दिरांना हा लेख एकत्र बसून वाचायला द्या. दिरांची घाई मुलांच्या सोयीसाठी आहे आणि सासऱ्यांची शंका मुलांच्या जिवासाठी आहे, तेव्हा दोघांचे जमायला हरकत नाही. तुमच्या ओहोळाचा पाणलोट किती निघाला, ते जरूर कळवा.